पार्किंगवर आलेली गुलमोहराची फांदी

वाशीकर_७: सोसायटीतल्या गुलमोहराची जाड फांदी पार्किंगवर झुकली आहे. पावसाआधी कापायची आहे. काय काळजी घ्यावी?

फांदीवाला_ठाणे: आधी महापालिकेची परवानगी. १९७५ चा वृक्ष कायदा खाजगी आवारालाही लागू आहे. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, त्यावर मी हार्नेस आणि दोन दोरांशिवाय चढत नाही. फांदीला आधी खालून खाच, मग थोडं पुढे, टोकाच्या बाजूला, वरून काप; नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. उरलेला खुंट शेवटी, खोडालगतचा फुगवटा राखून. जखमेला डांबर फासू नका. (आणि खाली उभं राहून ‘अजून थोडी घ्या’ म्हणणाऱ्या सेक्रेटरींना आधी लांब करा.)

वाशीकर_७: रविवारी याल का?

फांदीवाला_ठाणे: रविवारी मी येऊरच्या जंगलात. दुर्बीण घेऊन, झाडाखाली. शनिवारी जमेल, गाड्या तेवढ्या हलवून ठेवा.