पीसी ९० डिग्रीला जातो: लिक्विड कूलर घ्यावा की एसी लावावा?

पर्वरीचा_गडी
नमस्कार. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि त्याच्यासोबत आलेलाच कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, पुढून काच असलेला कॅबिनेट, पंखा मागे एकच. कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे. खोलीत ३१-३२ डिग्री. गेम सुरू करून वीसेक मिनिटं झाली की प्रोसेसर ९०, ग्राफिक्स कार्ड ८३, आणि फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. दुकानदार लिक्विड कूलर (द्रव फिरवून प्रोसेसर गार करणारा) घ्या म्हणतो, घरचे एसी लाव म्हणतात. पावसात एसीमुळे आत पाणी धरतं हे खरं का? देव बरे करो.

तांबडी_माती
लिक्विड कूलर राहू द्या. ५६०० ची मर्यादाच ९० आहे. तिथे पोचला की तो आपणहून वेग उतरवतो. कार्डही मूळ सेटिंगमध्ये ८३ ला तेच करतं.

उष्णता अडते कुठे ते आधी शोधा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवून गेम लावा. तापमान काही सेकंदांतच ८५ वर उडी मारत असेल तर प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे किंवा कूलर नीट टेकलेला नाही. तुमच्यासारखं हळूहळू चढत असेल तर कॅबिनेटमधली गरम हवाच फिरून फिरून आत येते. खात्रीसाठी बाजूचं पॅनल काढून तोच गेम तेवढाच वेळ चालवा. पाच-सहा डिग्री उतरली तर दोष हवेच्या वाटेचा.

मग कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, मागे निदान वीतभर जागा सोडा. पुढे १२० मिमीचे दोन पंखे हवा आत ओढणारे, मागचा बाहेर टाकणारा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. पंखे उलटे बसतात ते इथेच बघायचं राहिल्याने. काचेच्या कडेला फट नावापुरतीच असेल तर मात्र पंखे वाढवूनही फरक पडणार नाही, जाळीचा कॅबिनेटच घ्यावा लागेल.

काजूबोंड
कार्डासाठी फुकटातला उपाय: एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडा. ९०० मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर आणा, त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच पातळीवर सपाट करा आणि लागू करा. फ्रेममध्ये फरक जाणवणार नाही, पण कार्ड वीज कमी खाईल आणि तितकं कमी तापेल. गेम बंद पडला तर १५-१५ मेगाहर्ट्झ उतरवत जा. हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा आकडाही बघा: कार्डाच्या तापमानापेक्षा १२-१५ जास्त असेल तर ठीक, २५ च्या वर गेला तर कार्डाची पेस्ट बदलायला झाली.

मिरामार_वारा
एसीबद्दल. चालू मशीन हवेपेक्षा गरम असतं, त्यावर पाणी धरत नाही. धोका वेगळ्याच वेळी असतो: एसी २० वर, पीसी बंद करून गार झालेला, आणि मग कोणीतरी खिडकी उघडतं. पावसाळ्यात आपल्याकडे गोव्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४-२५ च्या आसपास असतो, त्याहून गार धातूवर ती हवा लागली की दव धरणारच. म्हणून एसी २६ वर ठेवा, आणि खोली उघडल्यावर पीसी लगेच चालू करू नका, तासभर थांबा.

खरी काळजी खाऱ्या हवेची. समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली कॅबिनेट नको, मीठ आणि ओल मिळून रॅमचे व ग्राफिक्स कार्डाचे संपर्क गंजवतात. बंद पीसीवर प्लास्टिक टाकून ठेवू नका, ओल आतच कोंडते. पावसात गेम खेळायचा नसला तरी रोज अर्धा तास चालू ठेवा.

पर्वरीचा_गडी
पॅनल काढून ८१ आलं. पंखे घेतो. पेस्टही बदलावी का?

तांबडी_माती
९ डिग्री उतरली म्हणजे हवाच. पण पेस्टला तीन वर्षं झाली असतील तर बदला. काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट नरम करा आणि मग पीसी बंद करून वायर काढा. कूलर सरळ वर ओढू नका, अलगद पिळत सोडवा. एएम४ मध्ये (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

पुढच्या पंख्यांना जाळीचे फिल्टर लावा. डिचोली-साखळीकडची खाणींची लाल धूळ असेल तर ते दर पंधरवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. ब्लोअरने आतली धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरमसाट फिरून बेअरिंग जातं.