मदत हवी आहे : टॉलेमींचे तांब्याचे नाणे तिसऱ्याचे की चौथ्याचे?

इजिप्तच्या टॉलेमी घराण्यातील सर्व राजांचे नाव एकच असल्यामुळे नाण्यावरील ‘टॉलेमाइऊ बासिलेओस’, म्हणजे ‘राजा टॉलेमीचे’, या मजकुरावरून राजा ओळखता येत नाही, आणि मी नेमका तिथेच अडकलो आहे. माझ्याकडील नाणे सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचे आणि ३६ ग्रॅम वजनाचे असून दर्शनी बाजूस मेंढ्याच्या शिंगाचा झ्यूस-आमोन (ग्रीक झ्यूस व इजिप्शियन आमोन यांचे एकत्रित देवरूप), मागे वज्रावर उभा, पंख मिटलेला गरुड आणि त्याच्या डावीकडे समृद्धिशृंग (फळांनी भरलेले शिंग) आहे. गरुडाच्या पायांमध्ये जे अक्षर असायला हवे, तेच नेमके झिजले आहे.

तिरप्या उजेडात छायाचित्रे घेतली, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पाहिले. एका तिरक्या रेघेपलीकडे काही दिसत नाही. मध्यभागीचे खळगे दोन्ही बाजूंना आहेत, पण ते या घराण्याच्या बहुतेक मोठ्या तांब्याच्या नाण्यांवर असतातच. रासायनिक सफाई करायची नाही आणि किंमतही विचारायची नाही.

अक्षर वाचता येत नसताना केवळ झ्यूसच्या केसांच्या बटा, समृद्धिशृंगाची घडण किंवा अक्षरलेखनाची शैली यांवरून तिसरा टॉलेमी (इ.स.पू. २४६–२२२) आणि त्याचा मुलगा चौथा यांच्यात खात्रीने फरक करता येतो का, आणि येत असल्यास नेमका कोणता तपशील पाहावा?