अनुभव: फाशी नको असं तुम्हाला का वाटतं?

मंडळी, परवा कॉलेज रोडला चहा पिताना एका केसवरनं विषय निघाला आणि सगळे एका सुरात, "भर चौकात लटकवा". मी एकटाच नको म्हणत होतो. तर ज्यांना फाशी नको वाटते त्यांनी का ते लिहा, पुस्तकी नको, स्वतःचं लिहा. मी सुरुवात करतो.

माझं कारण बेलतगव्हाण. नाशिकरोडवाल्यांना आठवत असेल, जून २००३, मळ्यातल्या झोपडीवर रात्री दरोडा, पाच खून, बलात्कार. आमच्याकडे आई झोपायच्या आधी दोनदा कडी बघायची. सहा जण धरले, सगळे भटक्या जमातीतले. २००६ ला सेशन कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली आणि २००९ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी. झालं, न्याय मिळाला म्हणून आपण मोकळे. मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जण निर्दोष म्हणून सोडले! वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून आधी वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, ते कुणी धसासच लावलं नव्हतं. सहातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं आत आणि भरपाई पाच-पाच लाख. २००९ नंतर पटकन उरकून टाकलं असतं तर ते पाच लाख कोणाच्या हातात ठेवले असते?

जेलरोडकर
बाबा जेल खात्यात होते. नाशिकच्या जेलात फाशी देत नाहीत, महाराष्ट्रात ती सोय येरवडा आणि नागपूरला. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या जक्कल-सुतार वगैरे चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्याला दिली तेव्हा बाबा तिथे पोस्टिंगला होते. ते म्हणायचे त्या चौघांची मला काडीची दया नव्हती, दहा खून केलेली माणसं ती. पण कैद्याचं वजन करायचं, त्यावरनं दोर किती सोडायचा ते ठरवायचं, वाळूचं पोतं टांगून तपासायचं, हे सगळं पगारावरच्या माणसांनी शांत डोक्याने करायचं हे त्यांना कधी पटलं नाही. चौकात लटकवा म्हणणाऱ्यांना पोतं भरायला बोलवा म्हणायचे.

सीबीएसचा वकील
थोडक्यात लिहितो, कोर्टात जायचंय. १९८० च्या बच्चनसिंग केसपासून फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसला, आणि आरोपी सुधारेल का तेही बघायचं, कागदावर छान आहे. प्रत्यक्षात मी पाहिलंय ते असं की शुक्रवारी दोषी ठरवलं, सोमवारी शिक्षेवर युक्तिवाद, आणि सरकारी खर्चाने दिलेला वकील, ज्याला आरोपीचं गाव पण धड माहीत नाही, उठून म्हणतो "साहेब गरीब आहे, आई म्हातारी आहे, दया करा" आणि बसतो. संपलं. पैसेवाल्याचा वकील तेवढ्यात डॉक्टरचे कागद, शाळेचे दाखले, सगळं उभं करतो.

सिन्नरची
माझ्या सख्ख्या भावाचा खून झालाय, त्यामुळे मला कोणी "तुमच्यावर वेळ आली असती तर" ऐकवू नका. गावातले, पुढारी, सगळे फाशीच मागा म्हणून मागे लागले. वहिनी म्हणाली, फाशी झाली की अपील, मग वर अपील, मग दयेचा अर्ज, आणि दर वेळी टीव्हीवाले दारात, लेकरांचं काय करू? लहान पोरं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचं बघा, अटक १९९६ ची आणि २०२२ ला हायकोर्टाने दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून फाशीची जन्मठेप केली, एवढी वर्षं त्या पोरांच्या आयांनी काय केलं असेल. आमच्यात जन्मठेप लागली. आम्ही पेढे वाटले नाहीत, रडलो पण नाही, घरी येऊन जेवलो.

सिडकोतली आई
मला नाही पटत. दोन मुली आहेत. कोपर्डीनंतर कितीतरी दिवस मला झोप नव्हती. लहान लेकरांवर हात टाकणाऱ्याला तरी फाशीच पाहिजे.

शाळेतली ताई
अहो ताई, २०१८ पासून बारा वर्षांखालच्या मुलीवर बलात्काराला फाशीची तरतूद आहेच. मी शाळेत समुपदेशन करते. एका पोरीने मला सगळं सांगितलं, करणारा सख्खा मामा. आई आधी तक्रार द्यायला तयार होती, मग कोणीतरी घरात म्हणालं फाशी होते याला, तर दुसऱ्या दिवशी आईच माझ्या पाया पडली की मॅडम माझा भाऊ जाईल हो. मी पोलिसांत कळवलंच, कळवावंच लागतं, पण पोरीला त्यांनी पार फिरवलं, जबाबात काही झालंच नाही म्हणाली. दहा वर्षांची शिक्षा असती तर ती आई टिकली असती असं मला वाटतं. बाहेरचा राक्षस शोधतो आपण, माझ्याकडे येतात ते बहुतेक घरातलेच.

गोल्फ क्लबवर पळणारा
अवांतर आहे, पण ज्या ग्राउंडवर मी पळतो त्याला अनंत कान्हेरेंचं नाव आहे. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सनला मारलं म्हणून १९१० ला ठाण्याच्या जेलात फाशी. तेव्हाच्या सरकारच्या हिशोबात खुनी, आपल्याला हुतात्मा. कोणाला मारायचं हे ठरवायची पॉवर कोणत्याच सरकारकडे नसलेली बरी.

सिडकोतली आई
शाळेतल्या ताई, ते मामाचं वाचून सुन्न झाले. माझं मत बदललंय असं नाही. पण बेलतगव्हाणचं, फाशी झाली एवढंच मला माहीत होतं, सुटले ते आज कळतंय. मग तपास करणाऱ्यांचं काय केलं?

मीच, विषय काढणारा. जेलरोडला मावशी राहते माझी, तिलाही सुटल्याचं माहीत नव्हतं. तपास करणारे दोषी अधिकारी शोधा आणि कारवाई करा असं कोर्टाने निकालात सरकारला सांगितलंय. सीबीएसवाले वकीलसाहेब, कोर्टातनं आलात की यावर लिहा.