मदत हवी आहे (२०११ चा धागा, दर आणि नियम तेव्हाचे): मोबाइलवर मराठी मेल उघडली की नुसते चौकोन दिसतात

मंडळी, नमस्कार.

मी दापोलीपासून बारा-तेरा किलोमीटर आत, एका वाडीत राहतो. मोठी बहीण लग्नानंतर दुबईला गेली. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ती अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, लांबलचक मेल लिहिते. देवनागरीतच लिहिते, कारण अण्णांना रोमन लिपीतलं मराठी वाचवत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं बालबोध अक्षर गिरवून घेतलेला माणूस, 'काय' हा शब्द इंग्रजी अक्षरांत पाहिला की त्यांना खरंच त्रास होतो. मी वाचून दाखवलेलंही चालत नाही. पत्र आपलं आपण वाचायचं, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

आत्तापर्यंत मी रविवारी एसटीने दापोलीला जाऊन सायबर कॅफेतून मेलची प्रिंट आणायचो. भारनियमन असलं की फेरी फुकट. गावात लँडलाइनच धड चालत नाही, तिथे ब्रॉडबँड कुठून येणार? म्हणून डिसेंबरात एक फोन घेतला, सेकंडहँड. सिंबियन प्रणालीवर चालणारा आहे, ३.२ इंची टचस्क्रीन, वाय-फाय नाही, थ्रीजी नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही, मला उपाय हवा आहे.

अडचण अशी. जीमेल उघडते, ताईचं नाव दिसतं, तारीख दिसते आणि आत मजकुराच्या जागी चौकोनच चौकोन. फोनच्या ब्राउझरमध्ये तेच, दुकानदाराने ऑपेरा टाकून दिलं त्यातही तेच. मराठी विकिपीडिया उघडून पाहिला, तिथेही चौकोन. अण्णांच्या हातात फोन दिला तेव्हा त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि मला परत दिला. काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून हा प्रश्न सोडवल्याशिवाय मला चैन नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. ९८ रुपयांचं महिन्याचं जीपीआरएस, म्हणजे मोबाइल इंटरनेटचं, पॅक मारलेलं आहे. तरीही शनिवारी ४० रुपये असलेला बॅलन्स सोमवारी साडेअकरावर आला. मधल्या काळात मी तीन फोन केले, तेही गावातल्या गावात. कस्टमर केअरला विचारलं तर 'आपण इंटरनेट वापरलं आहे' एवढंच उत्तर. वापरलं हे खरं, पण मग पॅक कशासाठी घेतलं?

जानेवारीपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते असं वाचलं. ते करावं का? नंबर बदलायचा नाही, तो ताईला पाठ आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं. मी संगणकातला नाही, शेती करतो, तेव्हा पायरीपायरीने सांगितलंत तर बरं होईल. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आधी एक सांगा, चौकोन दिसतात की गिचमिड इंग्रजी अक्षरं? दोन्ही रोग वेगळे आहेत. चौकोन म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, नीट आलाय, पण तुमच्या फोनमध्ये देवनागरीचा फॉंट नाही. आणि अर्थ न लागणारी इंग्रजी अक्षरं दिसली तर मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉंटात टाइप केलेला आहे; तो फॉंट ज्या यंत्रावर नाही तिथे मराठी दिसणारच नाही. पहिल्यावर फोनकडून उपाय आहे, दुसऱ्यावर पाठवणाऱ्यानेच पद्धत बदलायला हवी.

धागाकर्ता

मेलमध्ये चौकोन. पण ताईने एकदा अण्णांच्या नातवाच्या मुंजीच्या आमंत्रणाची फाइल जोडली होती, त्यात मात्र तुम्ही म्हणता तशी गिचमिड होती. ती फाइल तिने इथल्याच एका छापखान्याकडून घेतली होती. म्हणजे दोन वेगळे प्रकार होते, मला वाटत होतं फोनच बिघडलाय.

प्रतिसाद २

चौकोनांवर रामबाण उपाय आहे, मी स्वतः दीड वर्ष वापरतोय. ऑपेरा मिनी उघडा. वर पत्ता टाइप करायची पट्टी असते, तिच्यात आधीपासून काही लिहिलेलं असेल तर ते पूर्ण पुसा. मग इंग्रजीत 'ऑपेरा', त्याला जोडून कोलन, म्हणजे विसर्गासारखी दोन टिंबं, आणि त्याला जोडून 'कॉन्फिग'. मध्ये कुठेही जागा सोडू नका. गो दाबलं की एक साधं पान उघडेल. अगदी तळाला जा. तिथे 'यूज बिटमॅप फॉंट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असं लिहिलेलं असतं आणि पुढे 'नो'. ते 'येस' करा, सेव्ह दाबा, मेलचं पान पुन्हा उघडा.

हे का चालतं, तेही सांगतो, म्हणजे विश्वास बसेल. ऑपेरा मिनी पान थेट तुमच्या फोनवर आणत नाही. ते आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जातं, तिथे दाबून लहान केलं जातं आणि मग तुमच्याकडे येतं. ते 'येस' केलं की देवनागरी अक्षरं तिथेच चित्रात बदलून येतात. चित्र दाखवायला फोनला फॉंट लागत नाही. तोटा एवढाच की पान थोडं जड होतं आणि त्यातला मजकूर कॉपी करता येत नाही.

धागाकर्ता

सांगितलंत तसंच्या तसं तीनदा केलं. 'पत्ता चुकीचा आहे' असं येतं. टिंबं बरोबर देतोय, भाच्याकडूनही तपासून घेतलं.

प्रतिसाद ३

तुमच्याकडे ऑपेरा मिनी आहे की ऑपेरा मोबाइल? दुकानदार बऱ्याचदा मोबाइल टाकून देतात, दोघांचं चिन्ह जवळजवळ सारखंच लाल 'ओ'. पण ऑपेरा मोबाइल पान तुमच्या फोनवरच रचतो, म्हणून त्यात वरची युक्ती लागू होत नाही. मिनीच उतरवून घ्या. ते आकाराने लहान आहे, तुमच्या जोडणीवरही उतरेल. फोनच्या कोपऱ्यात इंग्रजी 'ई' दिसत असेल तेव्हा उतरवा, म्हणजे एज, जीपीआरएसपेक्षा वेगवान जोडणी, मिळतंय. साध्या जीपीआरएसवर वाट बघत बसाल. आणि उतरत असताना कोणाचा फोन आला तर घाबरू नका, बोलणं सुरू असेपर्यंत डेटा थांबतो, नंतर पुढे जातो.

एक सावधगिरी: मिनीवरून बँकेची कामं करू नका. पान त्यांच्या सर्व्हरमधून जातं, हे वर आलंच आहे.

प्रतिसाद ४

बॅलन्सबद्दल. तुम्ही कंपनीकडून सेटिंग मागवलं तेव्हा बहुतेक दोन आली असतील: एक कंपनीच्या स्वतःच्या पोर्टलचं, जिथे गाणी, वॉलपेपर, क्रिकेटचा स्कोअर असतो, आणि दुसरं पूर्ण इंटरनेटचं. फोनमध्ये हे दोन वेगळे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे इंटरनेटला जायच्या वाटा, होतात. पॅक अनेकदा त्यातल्या एकालाच लागू असतं. दुसऱ्यावरून गेलात की पॅक तसंच पडून राहतं आणि पैसे मुख्य बॅलन्समधून जातात. १० केबीला १० पैसे असा दर धरला तर एका एमबीला दहा रुपये झाले. संगणकासाठी बनवलेली तीन मोठी पानं उघडली की तुमचे साडेअठ्ठावीस रुपये गेलेच म्हणून समजा.

कस्टमर केअरला 'पैसे का कापले' विचारू नका. 'माझं पॅक कोणत्या एपीएनवर (म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटवर) चालतं' एवढंच विचारा आणि नाव लिहून घ्या. मग सेटिंग, कनेक्टिव्हिटी, डेस्टिनेशन्स, इंटरनेट. तिथे फक्त तोच पॉइंट ठेवा, दुसरा काढून टाका. कनेक्टिव्हिटीमध्येच अ‍ॅडमिन सेटिंगमध्ये पॅकेट डेटा आहे, त्याला 'व्हेन नीडेड' करा. 'व्हेन अव्हेलेबल' असेल तर फोन रेंज मिळाली की जोडणी धरून ठेवतो. हे मी स्वतः महिनाभर भोगलं आहे.

प्रतिसाद ५

पोर्टिंगची, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, घाई नको. सेवा हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. इंग्रजीत 'पोर्ट', मग जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवला की कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे फॉर्म भरायचा. फी सध्या (२०११) जास्तीत जास्त १९ रुपये. पण प्रीपेड असाल तर उरलेला बॅलन्स बुडतो. आणि सिम मुंबई सर्कलचं, म्हणजे मोबाइल सेवेच्या मुंबई विभागाचं, असेल तर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये ते नेता येत नाही, पोर्टिंग सध्या (२०११) सर्कलच्या आतच. मुख्य म्हणजे तुमच्या वाडीत टॉवर कोणाचा लागतो? शेजाऱ्यांचे फोन हातात घेऊन अंगणात, माजघरात, आंब्याखाली रेंज बघा. कोकणात कंपनी रेंज बघून निवडायची, दर बघून नाही.

बहिणीला एसएमएस करायला सांगा असंही सुचवलं असतं, पण देवनागरीत एक एसएमएस ७० अक्षरांत संपतो, रोमनमध्ये १६०. त्यातही काना-मात्रा वेगळे मोजले जातात. पत्र त्यात मावणार नाही.

धागाकर्ता

उशिरा लिहितोय, क्षमस्व. दोन दिवस टॉवरच बंद होता.

दुकानदाराने ऑपेरा मोबाइलच टाकलं होतं. काल रात्री साडेदहाला मिनी उतरवलं, कॉन्फिगचं पान उघडलं, तळाला ती ओळ होती. 'येस' केलं. ताईची शुक्रवारची मेल उघडली आणि पहिल्याच ओळीत 'ती. अण्णांस सा. न.' असं स्वच्छ दिसलं. अण्णा झोपले होते, त्यांना उठवलं. त्यांनी चष्मा मागितला, फोन कंदिलाजवळ धरला, मग माझ्या लक्षात आलं की याला उजेड लागत नाही, कंदील दूर केला. सगळी मेल वाचली. खाली सरकवायला बोटाने दमानं शिकले. 'मुंजीला' हा शब्द तिने ऱ्हस्व लिहिलाय, तेही दाखवलं.

बॅलन्सचंही प्रतिसाद ४ मध्ये सांगितलं तेच निघालं. फोन पोर्टलच्या पॉइंटवरून जात होता. तो काढल्यापासून एक पैसा कापला गेलेला नाही. पोर्टिंग तूर्त नको; पाच घरांतले फोन आणून पाहिले, माझ्याच कंपनीची रेंज माजघरापर्यंत येते.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुढची अडचण. सकाळी अण्णा म्हणाले, 'मी सांगतो, तू उत्तर लिही.' वहीत दीड पान लिहून झालंय. फोनच्या कीपॅडवर मराठी अक्षरं सापडत नाहीत. ताईला रोमनमध्ये चालेल, पण अण्णा तशी पाठवू देत नाहीत. या फोनवरून देवनागरीत लिहायची काही सोय आहे का?