जुन्या दाराची आगळ काढू की ठेवू?

वाईकर:
आमच्या वाईच्या घराचं काम काढलंय. मातीच्या भिंती, दोन फूट जाड, पुढचं दार सागवानी दोन फळ्यांचं आणि आतून आगळ, म्हणजे ते लाकडी दांडकं भिंतीतल्या भोकातून ओढायचं आणि समोरच्या भिंतीतल्या खाचेत सारायचं. आजोबा रात्री ओढायचे तो घर्रर आवाज आला की आम्ही पोरं गप झोपायचो. मागच्या पावसाळ्यापासून नीट लागत नाही, चार बोटं आधीच अडते. सुतार म्हणतो लॅच लावतो आणि भोक सिमेंटने बुजवून टाकतो. आई एकटीच असते तिथे. काय करू?

रंधा_पटाशी:
भोक बुजवू नका!! आगळ दारापेक्षा लांब असते, अख्खी बाहेर निघत नाही, भिंत चढवतानाच आत घालून ठेवलेली असते, एकदा गेली की गेली. फुगली असेल तर उन्हाळ्यात बघा, दार लावून पूर्ण ओढायची, जिथे घासून चकाकी आलीय तेवढंच रंधायचं आणि वर मेणबत्ती घासायची. तेल नको, धूळ धरतं. आणि भोकात वाळवी आहे का ते आधी बघा.

डोंबिवलीची मावशी:
आगळ शोभेला ठेवा हो, पण आईंना रोज लावू देऊ नका. माझ्या आत्या न्हाणीघरात पडल्या, दार आतून बंद, शेवटी शेजारचा मुलगा कौलं काढून आत उतरला. बाहेरून किल्लीने उघडणारं काहीतरी हवंच, एक किल्ली शेजारी द्या. तसा लॅचही कमी वैताग नाही, मी कचरा ठेवायला बाहेर, वाऱ्याने दार धाडकन लागलं, किल्ली आत आणि गॅसवर दूध 😅

पेठेतला:
सगळे गावाला गेले की आगळीचा उपयोग शून्य, ती आतून लावायला माणूस लागतो. तेव्हा बाहेरचा कडीकोयंडाच कामाचा. पेपरात कायम काय असतं, ‘कडीकोयंडा उचकटून ऐवज लंपास’. कुलूप अलिगढचं आणा नाहीतर दिंडीगलचं (त्याला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय), चोर कुलपाच्या नादाला लागतच नाही, सरळ कटावणी घालतो. हल्लीचा कोयंडा अर्ध्या इंची स्क्रूवर असतो, एका झटक्यात हातात. जुन्याचे दोन पाय फळीतून आरपार नेऊन आतल्या बाजूला दुमडलेले असतात. तुमचा तसा असेल तर सुताराला हात लावू देऊ नका.

वाईकर:
कोयंडा दुमडलेलाच आहे, राहू देतोय. लॅच लावणार, एक किल्ली समोरच्या काकूंकडे. आणि आगळीचं सांगायचं राहिलं, काल बॅटरी मारून बघितलं तर लाकूड फुगलं वगैरे काही नाही, समोरच्या खाचेत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. खरवडून काढलं, घर्रर करत लागली.