पाऊस पडला की ६३० मीटर बँडचा अँटेना ४७५ वरून ४६६ किलोहर्ट्झवर घसरतो

तारवाला:
हौशी रेडिओच्या ६३० मीटर बँडसाठी (४७५ किलोहर्ट्झच्या आसपास) इंग्रजी T आकाराचा टी अँटेना आहे. उभी तार १२ मीटर, वरची आडवी ३० मीटर, दोन्ही १.५ मिमी तांब्याच्या. लोडिंग कॉइल (तोकडी तार हव्या फ्रिक्वेन्सीला ट्यून करणारी) तळाशी: ११० मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर प्लॅस्टिक आवरणाच्या तारेचे १२५ वेढे, एकाला एक चिकटून, सुमारे ५१० मायक्रोहेन्री. कॉइलवर प्लॅस्टिकची बादली उपडी घातली आहे. अर्थला दीड मीटरचे सहा रॉड आणि १५ मीटरचे आठ रेडियल (तळापासून चौफेर पसरलेल्या तारा).

हवा कोरडी असताना ४७५ वर रेझोनन्स (अँटेना तिथे नेमका ट्यून होतो), रेझिस्टन्स ४८ ओहम, एसडब्ल्यूआर १.१ (ट्रान्समीटरशी मेळ किती; १ म्हणजे उत्तम). पाऊस सुरू झाला की अर्ध्या तासात रेझोनन्स ४६६ वर येतो, रेझिस्टन्स ७६ होतो आणि ४७५ वर एसडब्ल्यूआर २.७ दिसतो. १०० वॉट दिले तर कॉइलचा वरचा भाग गरम लागतो, खालचा गारच. रेडियल वाढवू का? शिवाय अॅनालायझरचे (अँटेना मोजायच्या यंत्राचे) आकडे एका जागी थांबत नाहीत, तेही सांगा.

वेढेमोजणी:
रेडियल राहू द्या. जमीन भिजली की अर्थचा रेझिस्टन्स सहसा कमी होतो, तुमचा तर २८ ओहमने वाढलाय. म्हणजे पाणी जमिनीच्या वर कुठेतरी त्रास देतंय.

आधी आकडे जुळवून पाहू. उभ्या तारेला मीटरमागे साधारण ६ पिकोफॅरड कपॅसिटन्स, आडवीला ५ धरा. ७२ आणि १५० मिळून २२२ पिकोफॅरड. ४७५ वर त्याचा रिअॅक्टन्स (एसी करंटला होणारा अडथळा) सुमारे १,५०० ओहम, त्याला ५१० मायक्रोहेन्री बरोबर जुळतात. रेझोनन्स ४७५ चा ४६६ झाला म्हणजे कपॅसिटन्स ४ टक्के वाढला, जेमतेम ९ पिकोफॅरड. एवढा फरक ओल्या तारेने, ओल्या पानांनी, बादलीवरच्या पाण्यानेही पडतो. घाबरायचं कारण नाही, ट्यून करता येतो.

रेझिस्टन्सचं तसं नाही. नुसती घसरण असेल तर पाणी फक्त कपॅसिटन्स वाढवतंय. रेझिस्टन्सही चढत असेल तर कुठेतरी वीज गळतेय. तुमच्याकडे दोन्ही आहे. कॉइलमध्ये करंट वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखाच असतो, व्होल्टेज मात्र वरच्या टोकाला सर्वांत जास्त. तांब्यामुळे तापली असती तर पूर्ण कॉइल सारखी तापली असती. फक्त वरचं टोक तापतंय म्हणजे संशय तिथल्या ओल्या प्लॅस्टिकवर.

खात्री अशी करा. कॉइलच्या वरच्या टोकाची तार सोडवा. तिच्या जागी आरजी ५८ किंवा आरजी २१३ केबलचा २.२ मीटरचा तुकडा लावा: आतली तार कॉइलला, जाळी खालच्या अर्थला (कॉइलच्या खालच्या टोकाला नव्हे), दुसरं टोक उघडं. या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड असतात, म्हणजे २२० चा नकली अँटेना तयार. आता जो रेझिस्टन्स दिसेल तो जवळजवळ सगळा कॉइलचा. जमीन, झाड, इन्सुलेटर सगळे बाजूला. चांगल्या कॉइलला ५ ओहम यायला हवेत (क्यू, म्हणजे रिअॅक्टन्स भागिले रेझिस्टन्स, ३००). एकदा कोरडं मोजा, मग बादलीसकट पाणी शिंपडून मोजा. हे काम मिलिवॉटमध्येच करा, केबलला तिथे १०० वॉट देऊ नका.

ओलीमाती:
अॅनालायझर नाचतो कारण या तारेवर मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांचे सिग्नल भरपूर येतात आणि स्वस्त अॅनालायझरला आपला सिग्नल कोणता, परका कोणता हे कळत नाही. वर सुचवलेल्या केबलच्या चाचणीत हा त्रास जवळपास नसतो, तिथे अॅनालायझर चालेल. पूर्ण अँटेना मात्र ट्रान्समीटरच्या ५ वॉटवर मोजा.

त्यासाठी फेराइट रिंगवर ५० वेढे गुंडाळा, त्यांच्या टोकांना ५० ओहमचा रेझिस्टर. कॉइलच्या खालच्या टोकाला जाणारी तार रिंगमधून एकदाच ओवा. १ अँपिअरला १ व्होल्ट मिळतो, हिशोब सोपा. ऑसिलोस्कोपच्या एका चॅनेलला हे, दुसऱ्याला त्याच जागेचं व्होल्टेज दहापट प्रोबने. दोन्ही लहरी एकाच वेळी शून्य ओलांडतात तो रेझोनन्स. तिथे व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स. रिंग वरच्या टोकाला लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

आणि मुळात १०० वॉट कशाला? २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हौशींना दिले ते १ वॉट ईआयआरपीच्या मर्यादेत (ईआयआरपी म्हणजे बाहेर पडणारी पॉवर गुणिले अँटेनाचा गेन). काही देशांच्या सीमेपासून ८०० किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या भागांत ५ वॉटपर्यंत सूट देता येते. तुमच्या परवान्यात काय लिहिलंय ते पाहा. तुमच्या अँटेनाची प्रभावी उंची सुमारे १० मीटर, तरंगलांबी ६३१ मीटर, म्हणजे रेडिएशन रेझिस्टन्स (एकूण रेझिस्टन्समधला, लहरी बाहेर टाकणारा भाग) ०.४ ओहम. छोट्या उभ्या अँटेनाला तीनपट गेन धरला तर १ वॉटसाठी प्रत्यक्ष ०.३३ वॉट बाहेर पडायला हवेत आणि त्याला ०.९२ अँपिअर पुरतात. ४८ ओहमवर हे ४० वॉट झाले, कॉइलच्या टोकाला १,४०० व्होल्ट. पॉवर मीटरपेक्षा करंट मीटरकडे बघून चालवा.

तारवाला:
चाचणी केली. नुसती कॉइल: कोरडी ९ ओहम, ओली ३१. बादली काढल्यावर वेढ्यांच्या फटीत पाणी दिसलं आणि वरच्या टोकाच्या भोकातून तारेवरूनच थेंब आत येत होते. २८ पैकी २२ ओहम इथेच सापडले.

वेढेमोजणी:
मग ती कॉइल वाळवत बसू नका, नवी करा. चिकटून गुंडाळलेल्या वेढ्यांत केशाकर्षणाने पाणी बसतं ते लवकर निघत नाही. कोरडेपणी ९ ओहम हेही जास्तच. लांब-बारीक आकार आणि वेढ्यांमधलं मऊ प्लॅस्टिक, दोन्ही क्यू खातात.

२०० मिमीचा पाइप घ्या, १.५ मिमीची एनॅमल तार, दोन वेढ्यांच्या मध्यातलं अंतर २ मिमी, ४८ वेढे. सुमारे ४८७ मायक्रोहेन्री होतात. अंतरासाठी नायलॉनची दोरी तारेबरोबर गुंडाळतात आणि मग तिथेच सोडून देतात; ती पाणी पिते, काढून टाका. काळा पाइप टाळा, काळ्या रंगात कार्बन असू शकतो.

उरलेलं काम व्हेरिओमीटरचं (आतली छोटी कॉइल फिरवून इंडक्टन्स बदलायची सोय). ११० मिमी पाइपच्या ३ सेंटिमीटर तुकड्यावर १२ वेढे, मुख्य कॉइलच्या आत खालच्या टोकाशी, सीरिजमध्ये, प्लॅस्टिकच्या दांड्यावर फिरणारे. तेवढ्यांचे स्वतःचे २२ मायक्रोहेन्री, आणि उलट-सुलट फिरवल्यावर एकूण इंडक्टन्स सुमारे ४६० ते ५५० च्या दरम्यान हलतो. पावसातले ९ किलोहर्ट्झ भरून काढायला २० मायक्रोहेन्री कमी करावे लागतात, म्हणजे भरपूर वाव राहिला.

ओलीमाती:
कॉइलच्या डब्याबद्दल थोडं. वरची तार छपरातून आत नेऊ नका. डब्याच्या बाजूने, खालून वर चढत आत जाऊ द्या आणि बाहेर तिला खाली झुकलेला झोका ठेवा, थेंब तिथेच गळतील. तळाला ८-१० मिमीची भोकं हवीतच. पूर्ण बंद डब्यात रात्री दव साचतं. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं आम्ल तांबं खातं.

राहिलेले ६ ओहम वरच्या तारेच्या टोकांत शोधा. टोकाला इन्सुलेटर किती लांब आहे, पुढची दोरी नायलॉनची आहे का, पानं तारेला टेकतात का? फांदी फक्त जवळ असली तरी ओली झाल्यावर पॉवर खाते. जागा असेल तर एक मीटर अंतरावर दुसरी आडवी तार समांतर लावा. वरचा कपॅसिटन्स दुप्पट नाही, दीडपटच होतो, पण तेवढ्याच ईआयआरपीला टोकाचं व्होल्टेज १,४०० वरून हजाराच्या खाली येतं आणि ओल्या पानांत जाणारा तोटाही कमी होतो. त्यानंतर कॉइल सुमारे ३८० मायक्रोहेन्रीवर आणावी लागेल, हे ध्यानात ठेवून आत्ताच टॅप (मधल्या वेढ्यांवरून जोड) काढा.

मॅचिंगला, म्हणजे अँटेनाचा रेझिस्टन्स ट्रान्समीटरच्या ५० ओहमशी जुळवायला, एफटी २४०-४३ या फेराइट रिंगवर ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच कॉइलचा, मध्ये टॅप असलेला) पुरे: १० वेढ्यांवर ५० ओहम, ९ वर ४०, ११ वर ६०, १२ वर ७२.

तारवाला:
हीच कॉइल वाढवून १३७ किलोहर्ट्झला जमेल?

वेढेमोजणी:
नाही. त्या तारेला तिथे ६ मिलिहेन्री लागतील आणि रेडिएशन रेझिस्टन्स ०.०३३ ओहम उरेल. १ वॉट ईआयआरपीला ३.२ अँपिअर, टोकाला १६ हजार व्होल्टच्या वर, आणि तोटा ८० ओहम धरला तरी ८०० वॉट. त्यासाठी वेगळी कॉइल, वेगळा डबा आणि वेगळे इन्सुलेटर. आधी दुसरी आडवी तार चढवा.