कुठला टूलबॉक्स लागतो ते शोधायचं, की सगळेच घेऊन मोकळं व्हायचं?

पिनियन
काल चाकण_एक्सप्रेस यांनी लिहिलं, "दहा इंजिनिअर असतील तर दहाही जणांना सगळे टूलबॉक्स द्या. कुठला लागतो हे शोधत बसणं म्हणजे कारकुनी." टूलबॉक्स म्हणजे मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरला जोडायचे, वेगळा परवाना (लायसन्स) लागणारे भाग. ही कारकुनी गेले दोन महिने मीच करतोय, त्यामुळे उत्तर लांबेल.

आमची कंपनी भोसरीत, काम ट्रान्समिशन कंट्रोलरचं. परवान्यांच्या नूतनीकरणाचं कोटेशन आलं तसं साहेबांनी प्रत्येकाला विचारलं, "तुला काय काय लागतं?" सगळ्यांनी सगळ्यावर टिका मारल्या. असं विचारल्यावर दुसरं काय होणार?

मग मी कोडच चाळायला घेतला. मॅटलॅबमध्ये 'रिक्वायर्ड फाइल्स अँड प्रॉडक्ट्स' हे फंक्शन आहे. फाइल दिली की कुठली उत्पादनं लागतात ते सांगतं. स्टॅटिस्टिक्स टूलबॉक्स चौघांना लागत होता. कशासाठी? 'नॅनमीन'साठी, म्हणजे रिकामे आकडे (नॅन) वगळून सरासरी काढायला! साध्या 'मीन'ला 'ओमिटनॅन' सांगायची सोय मूळ मॅटलॅबमध्ये २०१५ पासून आहे. सिग्नल प्रोसेसिंग लागत होता 'बटर' या फिल्टर आखणाऱ्या एका फंक्शनसाठी. लो-पास फिल्टरचे तेच सहगुणक रोज नव्याने काढणं चालू होतं, कटऑफ तीन वर्षांत हललेला नाही. ते आकडे एकदाच काढून फाइलीत लिहिले. ते वापरणारं 'फिल्टर' फंक्शन मूळ मॅटलॅबमध्ये आहेच. आणि सर्व्हरवरचा सामायिक परवाना एकदा उचलला की मॅटलॅब बंद करेपर्यंत सुटत नाही. एका ओळीपायी दिवसभर इतरांची अडवणूक.

मोठी बचत मात्र वेगळीकडे निघाली. ड्राइव्हलाइनची (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची) मॉडेलं बांधणारे दोघं, चालवणारे आठ. सिमस्केप हे यंत्रांच्या मॉडेलांचं मूळ उत्पादन, ड्राइव्हलाइन त्यावरची जोड. सिमस्केपच्या रिस्ट्रिक्टेड (मर्यादित) मोडमध्ये आकडे बदलून सिम्युलेशन चालवायला सिमस्केपचा परवाना पुरतो, ड्राइव्हलाइनचा लागत नाही. आम्ही मात्र दहा धरून बसलो होतो.

चाकण_एक्सप्रेस
वाक्य अर्धंच उचललंत. पुढे "मुदत डोक्यावर असेल तर" असं होतं. असो.

दोन महिने तुमचा पगार झाला ना? तो बचतीतून वजा केलात का? आमच्याकडेही एक हिशेबनीस होते. त्यांनी एम्बेडेड कोडर ठेवला आणि सिम्युलिंक कोडर 'कोणी वापरत नाही' म्हणून कापला. मॉडेलमधून कोड काढायला एम्बेडेड कोडरच्या खाली तो लागतोच, आणि त्याच्याखाली मॅटलॅब कोडर. कळलं कधी? रिलीजच्या आठवड्यात. तीन रात्री प्लांटमध्ये काढल्या, बायको अजून ऐकवते.

पिनियन
कुठलं उत्पादन कशावर उभं आहे हे उत्पादनाच्या माहितीतच लिहिलेलं असतं. तुमच्या हिशेबनिसांनी वाचलं नाही, त्यात शोधण्याचा काय दोष?

रेषाबिंदू
दोघंही एकच चूक करताय. काय लागतं हे तुमचा कोड ठरवत नाही, ग्राहक ठरवतो. आयएसओ २६२६२ या गाड्यांच्या सुरक्षेच्या मानकात एएसआयएल डी, म्हणजे सर्वात कडक पातळी, म्हटलं की एमसीडीसी कव्हरेजची (प्रत्येक अट निर्णय स्वतंत्रपणे बदलते हे चाचणीत दाखवायची) अपेक्षा आलीच. आमच्याकडे जर्मन ग्राहकाने मॉडेल पातळीवरचा रिपोर्ट मागितला. कोड चाळून, हा रिपोर्ट देणारं सिम्युलिंक कव्हरेज लागेल असं कुठून कळणार? कुठल्याच फाइलीत त्याचा उल्लेख नव्हता. पिनियन, तुमच्या यादीत अशी गोष्ट असती तर तुम्ही पहिल्यांदा कापली असतीत.

पिनियन
हं. हे मान्य करावं लागेल. कापलीच होती. परत घातली.

ठोकळा
लायसन्स सर्व्हर मी सांभाळतो, म्हणून बोलतो. पिनियन, तुमचं फंक्शन 'इव्हॅल'मध्ये (मजकूर कोड म्हणून चालवणारी आज्ञा) स्ट्रिंग म्हणून दिलेलं काही पकडत नाही. शिवाय ज्या मशीनवर टूलबॉक्स टाकलेलाच नाही तिथे चालवलंत तर तो टूलबॉक्स यादीत येणारच नाही. फ्लेक्सएलएमचा (परवाने वाटणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरचा) लॉग बघा: कोणी कधी घेतला, कधी सोडला, कोणाला नाकारला.

पण कितीही मोजा, खरा चोर आहे बॉरो, म्हणजे परवाना काही दिवस लॅपटॉपवर उसना नेणं. गणपतीत एका महाशयांनी कॅडचे दोन परवाने तीस दिवसांसाठी लॅपटॉपवर उतरवले आणि गेले कोकणात. तिथे रेंज नाही. परत करायचा तर त्याच लॅपटॉपवरून, सर्व्हरला जोडून. इथे आम्ही हात चोळत.

गुहागरचा_बाप्या
कोकणातल्यांवर घसरायचं कारण? आम्ही वर्षातून एकदा जातो. तुमच्याकडे बारा महिने लोक चहाला जाताना सॉफ्टवेअर उघडं ठेवतात, त्याचं काय? आणि गावी बसून ड्रॉइंग संपवलंच ना त्याने?

ठोकळा
एक ड्रॉइंग संपवलं. बाकीचे दिवस आरत्या.

गुहागरचा_बाप्या
आरतीवर बोलायचं काम नाही. तुम्ही ॲडमिन लोक, सर्व्हरच्या ऑप्शन्स फाइलीत 'मॅक्स बॉरो अवर्स' (उसनवारीची तासांची मर्यादा) लिहिलं असतंत तर तीस दिवस दिलेच गेले नसते. स्वतःची चूक आणि खापर आमच्या गणपतीवर!

ठोकळा
लिहिलंय. आता. बहात्तर तास.

गुहागरचा_बाप्या
बहात्तर तासांत जायला-यायलाच दीड दिवस जातो. एसटीचं बुकिंग कधी केलंयत का?

रेषाबिंदू
हा धागा आता एसटी महामंडळाकडे वर्ग करावा.

जुना_ड्रॉइंगबोर्ड
लॉगवर फार विसंबू नका. कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरमध्ये 'शेअरेबल प्रॉडक्ट्स'च्या (सामायिक परवान्यांच्या) पानावर नवी पोरं सगळ्या चौकटींवर टिक करून ठेवतात. सकाळी सॉफ्टवेअर उघडलं की परवाने उचलले जातात. लॉगमध्ये दिवसभर वापर दिसतो, त्या वर्कबेंचचं (त्या कामाच्या विभागाचं) तोंडही पाहिलेलं नसतं. आणि 'नाकारला' हा आकडाही फसवा. एकच गडी चिडून चाळीस वेळा बटण दाबतो, साहेबांना वाटतं चाळीस माणसं ताटकळली. आमच्या खात्यात यावरून तीन जादा सीट घेतल्या गेल्या. मी शेजारच्या टेबलावर जाऊन पाहिलं म्हणून कळलं. दाबणारा मीच निघालो असतो तर बोललो नसतो.

चाकण_एक्सप्रेस
म्हणजे कोड चाळून कळत नाही, लॉगवरून कळत नाही, विचारून तर नाहीच. मी काय म्हणत होतो? सगळे घ्या.

पिनियन
कळतं. तिन्ही शेजारी ठेवून, माणसापाशी उभं राहून कळतं. ड्राइव्हलाइनचे आठ परवाने मी असेच काढले. तुमच्या सल्ल्याने ते यंदाही भरले असते. आणि ते पैसे तुमच्या खिशातून जाणार नव्हते म्हणून सल्ला सोपा आहे.

चाकण_एक्सप्रेस
खिशापर्यंत जायचं कारण नव्हतं. मी इथून बाहेर.

चाकण_एक्सप्रेस
(परत आलो.) दुपारी आमच्या फोल्डरमध्ये 'नॅनमीन' शोधून पाहिलं. एकोणीस फाइली. यावर कोणी काही बोलू नये.

पिनियन
बोलत नाही. 'नॅनएसटीडी' पण शोधा.